इलेक्ट्रिक कुकर घेण्याआधी व्होल्टेज मोजा : माझा अनुभव

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी एक काम करा. ज्या वेळेला तुमच्या घरी स्वयंपाक होतो, नेमक्या त्याच वेळेला स्वयंपाकघरातल्या प्लगवर व्होल्टेज किती येतं, ते वायरमनकडून मोजून घ्या. मला हे कोणी सांगितलं नाही. त्यापायी आमचा कुकर ३४ दिवस कोल्हापुरात पडून राहिला आणि आईला ते सगळे दिवस पुन्हा गॅसपाशी उभं राहावं लागलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आम्ही देवगड तालुक्यातले. घरात आई आणि मी, दोघंच. आई ७८ वर्षांची आहे. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे शिट्ट्या मोजणं जमेनासं झालं. दोन वेळा काळे वाटाणे करपले आणि एकदा पाणी आटून कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. मी आंब्याच्या कलमांत असतो तेव्हा घरी ती एकटीच. वेळ संपली की आपोआप बंद होणारं काहीतरी हवं, एवढ्यासाठी फेब्रुवारीत हा कुकर मागवला.

निवडायला फार वेळ लागला नाही. दोघांना ३ लिटरचा पुरला असता, पण गणपतीला मुंबईची मंडळी येतात, म्हणून ६ लिटरचा, १००० वॉटचा घेतला. आतलं भांडं मुद्दाम स्टीलचं बघितलं. आई सोडणाने, म्हणजे नारळाच्या सालीच्या काथ्याने, भांडी घासते, तिच्या हाताखाली नॉनस्टिक वर्षभरही टिकलं नसतं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "हेका शिटी नाय, मगे भात शिजलो ता कळतला कसा?" मी तिला झाकणावरची छोटी पिन दाखवली. पिन वर आली की आत वाफ धरली. पिन आपोआप खाली बसली की वाफ उतरली, झाकण उघडायला हरकत नाही. कानापेक्षा डोळ्याचं काम तिला सोपं गेलं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं.

शिमग्याच्या तोंडावर संध्याकाळचं बिनसायला लागलं. साडेसातला कुळीथ लावले की पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहायचं. पिनेच्या भोकातून बारीक वाफ फुसफुसत बाहेर पडायची, पण पिन काही वर यायची नाही. ज्या कामाला एरवी १२-१५ मिनिटं लागत, त्याला ४० मिनिटं झाली तरी दाब धरेना. तोवर निम्मं पाणी वाफेने निघून जायचं, तळाला लागायचं आणि मशीन धोक्याची खूण दाखवून बंद पडायचं. तेच कुळीथ पहाटे लावले की मऊसूत शिजायचे. मी झाकणाची सिलिकॉनची रिंग काढून धुतली, उलटी करून बसवली, पिनेचं भोक सुईने साफ केलं. सकाळी चालणारा कुकर संध्याकाळी का रुसतो, हे तेव्हा मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

वॉरंटी होती, म्हणून कंपनीच्या नंबरवर फोन केला. पलीकडून उत्तर आलं, तुमच्या पिनकोडला घरी येऊन सेवा मिळत नाही. याच पिनकोडवर कुकर घरपोच आला होता. विकताना चालणारा पिनकोड दुरुस्तीला का चालत नाही, हे मी तीन फोनवर तीन माणसांना विचारलं. तिघांनीही तेच वाक्य वाचून दाखवलं. जवळचं अधिकृत केंद्र कोल्हापूरचं. म्हणजे खोक्यात कुकर बांधून, एसटीने फोंडा घाट चढून जायचं आणि आईला दिवसभर शेजारच्या काकींच्या भरवशावर सोडायचं.

केंद्रात बिल बघितलं, एका कागदावर सही घेतली, आठ दिवसांनी फोन करा म्हणाले. मी स्पष्ट सांगितलं होतं की बिघाड फक्त संध्याकाळी होतो. काउंटरवरच्या मुलाने "प्रेशर येत नाही" एवढेच शब्द लिहिले. वेळ लिहिली नाही, व्होल्टेज किती असतं ते विचारलं नाही. मला आजही खटकतं ते हेच. माझं अख्खं दुखणं "संध्याकाळी" या एका शब्दात होतं, आणि तोच कागदावर आला नाही.

आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे पंचवीस. कधी तंत्रज्ञ रजेवर, कधी पार्ट यायचा आहे. कुठला पार्ट, ते कोणी सांगेना. इकडे आई गॅसवर पेज ठेवून समोर स्टुलावर बसून राहायची, कारण उठली तर विसरेल ही तिलाच भीती. शेवटी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. तिथे मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिला आणि चौथ्या दिवशी केंद्रातून आपणहून फोन आला, कुकर घेऊन जा. हा फोन मी दहाव्या दिवशीच करायला हवा होता. तुम्ही थांबू नका. बिल, केंद्राची पावती आणि प्रत्येक फोनची तारीख एका वहीत ठेवा, हेल्पलाइनवर तेच विचारतात.

३४व्या दिवशी कुकर हातात आला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं : दोष आढळला नाही. आणि तपासणीचे ३५० रुपये.

त्यांचं खोटं नव्हतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या संध्याकाळी कुळीथ पुन्हा तसेच अडकले. माझा तोल गेला, मी खोकं परत बांधायला घेतलं. वाडीतला वायरमन पंपाच्या कामाला आला होता, त्याने आधी मीटर प्लगात घातला. १७२ व्होल्ट. तो म्हणाला, "काका, मशीन बरा आसा. तुमच्या लायनीत दम नाय."

त्याने समजावलं ते असं. कुकरवर लिहिलेले १००० वॉट हे २३० व्होल्ट असताना. व्होल्टेज उतरलं की उष्णता त्याच प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे व्होल्टेज पाऊण झालं तर उष्णता पाऊणची पाऊण. १७२ व्होल्टला ती साधारण ५६० वॉटवर येते, निम्म्याहून थोडी जास्त. एवढ्यावर मोठ्या भांड्यातलं पाणी उकळतं खरं, पण वाफ इतकी मंद तयार होते की पिन उचलून भोक बंद करण्याआधीच बाहेर निसटते. केंद्रात पूर्ण व्होल्टेजवर लावला की तोच कुकर झकास चालणार. आमचं घर लायनीच्या शेवटच्या खांबावर. फेब्रुवारीनंतर बागांचे पंप, पंखे, सगळं एकदम सुरू होतं.

मग मी आठ दिवस वहीत आकडे मांडले. पहाटे साडेपाचला २२८, दुपारी एकला २१४, संध्याकाळी साडेसातला १७० ते १७५. ते कागद जोडून वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. नुसतं तोंडी सांगून काही झालं नसतं. आकडे बघून मात्र लाइनमन संध्याकाळी साडेसातलाच आला. वाडीतल्या बहुतेक जोडण्या एकाच फेजवर, म्हणजे खांबावरच्या तीन वीजतारांपैकी एकीवरच, होत्या. त्याने आमची दुसऱ्या, कमी भाराच्या फेजवर घेतली. त्याच जागी २०६ व्होल्ट दिसले. म्हणजे साधारण ८०० वॉट. मला त्या दिवशी जो आनंद झाला, तो कुकर घरी आला तेव्हाही झाला नव्हता. फेज बदलायचं काम लाइनमननेच करायचं, खांबाला आपण हात लावायचा नाही.

फेज बदलून मिळत नसेल, तर आमच्या वायरमनच्या मते १००० वॉटच्या कुकरला २ केव्हीएचा स्टॅबिलायझर लागतो. तो खर्च धरूनच कुकर घ्या. नाहीतर पहाटे शिजवून ठेवा. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग चालू असलेलाच हवा.

आता शिजवण्याचं. या कुकरात वाफ जवळजवळ बाहेर जात नाही, त्यामुळे पाणी गॅसपेक्षा कमी लागतं. तरी कुकरच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान पाण्याच्या खाली कधी नको, नाहीतर वाफच धरत नाही. आमच्या उकड्या तांदळाला वाटीला दोन वाट्या पाणी आणि १८ मिनिटं, रात्रभर भिजलेल्या काळ्या वाटाण्यांना २५, फणसाच्या आठळ्यांना १०. वेळ पिन वर आल्यावर मोजली जाते, बटण दाबल्यावर नाही. पेज आणि कडधान्यं फेसाळतात, म्हणून भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि वाफ हाताने सोडू नका, आपली आपण उतरू द्या. कोकम आधी घालू नका, आंबटपणाने कडधान्य टणक राहतं. शिजल्यावर सारात टाका. मासे मी यात केलेच नाहीत. त्यांना मातीचं तवलं आणि पाच मिनिटं पुरतात, आणि रिंगेला वास धरला की पेजेतही येतो.

एक राहिलं. भांडं आत ठेवण्याआधी त्याचा तळ कोरड्या फडक्याने पुसा, दर वेळी. खाली पाणी किंवा शीत राहिलं की तापणारी पट्टी खराब होते. पावसात आमच्याकडे मुंग्या प्लगातूनही आत शिरतात, म्हणून काम झालं की मी कुकर फळीवर ठेवतो आणि वायर गुंडाळून वर टांगतो. जादा रिंग मेमध्येच मागवून ठेवली आहे, पिनकोडचं आता ठाऊक आहे. काल रात्री आई आतून म्हणाली, "पिन खाली बसली रे, ताटां घे."