आबांची माघी

आमच्याकडची वारी माघाची. आषाढात बेळगावच्या पश्चिम भागात पाऊस उसंत देत नाही, भाताची लावण अंगावर आलेली असते; अशा वेळी शेत टाकून निघणं आबांना पटायचं नाही. भात मळून कणगीत, बियाण्याचं वेगळं वाळवून बांधलेलं, गवताची गंजी रचलेली, रताळी बाजारात पोचलेली, मगच पताका खांद्यावर. रताळ्याला त्यांनी कधी उशीर केला नाही. माती वाळून भेगा पडल्या की त्यातून भुंगा आत शिरतो आणि पोसलेलं रताळं कडू होतं. घरचं काम अर्धं ठेवून केलेली वारी आबा वारीच मानत नसत.

यंदा आबा नाहीत. त्यांचा मृदंग माझ्या गळ्यात होता.

काकती, हत्तरगी, संकेश्वर. पहाटेचा काकडा, चाल, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, संध्याकाळी हरिपाठ, शाळेच्या व्हरांड्यात झोप. कुठल्या मुक्कामाला कुणी आमटी वाढली, आता सांगता येत नाही. कणीक मात्र रोजची आठवते. मृदंगाच्या उजव्या तोंडाला शाई असते ती कायमची. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, कणीक दरवेळी नवी लावायची. चपातीच्या कणकेहून थोडी सैल मळून पुरीएवढी मधोमध थापायची. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर धूम पोकळ वाजते. माघातलं ऊन सकाळी कोवळं असलं तरी अकरानंतर कणकेच्या कडा वाळून सुटतात. म्हणून आबा कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवत आणि चालता चालता ओलं बोट फिरवत. रात्री ती खरवडून काढायचीच. राहिली तर चामडं मऊ पडतं, आणि उंदीर कणकेबरोबर धूमही कुरतडतात. उजव्या तोंडाचा सूर उतरला तर चामड्याच्या वादीखालचे लाकडी गट्टे हातोडीने हलके ठोकायचे, सगळीकडून सारखे. एकाच गट्ट्यावर जोर दिला की पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, एका बाजूला ओढली जाते.

संकेश्वर सोडून चिकोडीच्या वाटेला लागलो आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. गळिताचा हंगाम, मागे दोन दोन ट्रॉल्या, वर कर्णकर्कश गाणी. प्रत्येक ट्रॅक्टरला दिंडी डांबराखाली उतरायची, अभंग तुटायचा, खडीत पाय वाकडा पडायचा. मला राग येत होता, खूप येत होता. त्यात डाव्या टाचेत चटका सुरू झाला. पायात असं गरम वाटलं की तिथेच थांबावं, घाम पुसून पाय कोरडा करावा, पट्टी बांधावी, हे आबांचं पहिलं सांगणं. घामाने भिजलेली कातडी चपलेला घासली की तासाभरात पाणी धरते. पण मृदंग गळ्यात, पुढे वीणा, मागे टाळकरी. मध्येच थांबणार कसं? दुपारपर्यंत रुपयाएवढा फोड आला.

रस्त्याकडेला एका घरासमोर बसलो होतो. आतून एक आजीबाई आल्या, माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, “बर्री, वळग बर्री.” या, आत या. कट्ट्यावर बसवलं. घमेल्यात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. त्यांना मराठी थोडं, मला कानडी कामापुरतं. पाय भिजला तसा त्यांनी तो आपल्या लुगड्याच्या पदराने पुसला. मी पाय मागे घेतला तर रागावल्या. सुई चुलीतल्या निखाऱ्यावर धरली, फोडाच्या बुडाशी दोन बाजूंनी टोचलं, स्वच्छ फडक्याने पाणी दाबून काढलं. वरचं कातडं सोललं नाही. आबाही सोलू देत नसत. तेच कातडं खालच्या कोवळ्या कातडीचं पांघरूण. उठताना त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. पंढरपूरच्या वाटेवरचा पाय म्हणून. घशात आवंढा आला, मृदंगावर पुढचा ठेका धरायला जरा वेळ लागला. ट्रॅक्टर तेवढेच होते.

रात्री कोकमतेल वितळवून टाचांच्या भेगांत भरलं, फोडाला लागू न देता. आबा दिंडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या टाचांना लावून मग आडवे होत. घरीही तेच, आजीच्या टाचा आधी.

अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडली. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला. एकादशीला चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी, कळसाचं दर्शन.

बारशीला उपवास सोडून बाजारात गेलो. आबा प्रत्येक घरासाठी बुक्का, कुंकू, चुरमुरे यांची वेगळी पुडी बांधत. लेकींच्या सासरची, वाटेकऱ्याच्या घरची, शेजाऱ्यांची. एका पिशवीत एकत्र आणलेलं त्यांना चालत नसे, वाटताना कुणाला कमी पडतं म्हणून. मग त्या पुड्या मांडीवर घेऊन अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीने मिरजेपर्यंत येत. ती गाडी आता नाही, पुड्या मी तशाच बांधल्या.

धुमेच्या कडेची वादी झिजली आहे. पावसाआधी बदलून घ्यायला हवी. दमट हवेत नवी वादी सैल पडत जाते आणि सूर ठरत नाही.