कुंपणाला कण्हेर लावताना

आज नर्सरीत एका काकांनी कुंपणासाठी कण्हेरीची रोपं टेम्पोत चढवली. "जनावर तोंड लावत नाही, पाणीही फार मागत नाही," म्हणाले. खरंय. पण घरात रांगतं नातवंड आहे, हेही तेच सांगत होते.

कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी. छाटलेली पानं वाळली तरी विष जात नाही. ती वैरणीत मिसळली तर म्हैस हातची जाते.

त्यापेक्षा तगर लावा ना! अर्धवट सावलीतही फुलते, पूजेला फुलंही मिळतात. ऊन भरपूर असेल तर जास्वंद, फक्त पिठ्या ढेकणावर, म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या दिसणाऱ्या किडीवर लक्ष हवं. एक्झोरा पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत छान येतो. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत मात्र त्याला लोह नीट घेता येत नाही; कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या.

दोन रोपांत साधारण 2 फूट अंतर ठेवा. रोपांनी जीव धरला की शेंडे खुडा, नाहीतर कुंपण बुडाशी उघडंच राहतं. छाटणी खाली रुंद, वर निमुळती, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. आणि जास्वंदीला सारखी कात्री लावू नका, कळ्या नव्या फुटीवरच येतात.

यंदा पावसाळ्यात कुंपण लावणार असाल, तर तुमची माती काळी की तांबडी?