गावखडीच्या पुलावरचा सांधा

आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथे एक मुक्काम. गणपतीपुळ्याला सुट्टीची गर्दी म्हणून गेलोच नाही. पहिले दोन दिवस असे संपले.

तिसऱ्या दिवशी पावसवरून पुढे जाऊन पूर्णगड बघितला आणि मुचकुंदी नदीवरच्या गावखडीच्या पुलावर जीप घातली. वेग ६० च्या आसपास. पुलाच्या सांध्यावरून पुढचं चाक गेलं आणि स्टिअरिंगने हात झिडकारले. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडत होती. आरसा, बॉनेट, शेजारी दांडी धरून बसलेली बायको, सगळं एका लयीत हादरत होतं. अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा नाही, एवढं माहीत होतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग धरून राहिलो. वेग २५ वर आला तेव्हा कुठे थांबलं. गावखडीच्या सुरूच्या बनाशी गाडी लावली. बराच वेळ आम्ही दोघं बोललो नाही.

हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं, म्हणून जास्त संताप आला. मूळचे ६.००-१६ चे अरुंद टायर काढून मी ३१ इंची रुंद टायर घातले, बाहेर येणाऱ्या रिम घातल्या, पाट्याच्या स्प्रिंगला चॅसीशी जोडणारे शॅकल लांब लावून गाडी उचलली. तेव्हापासून हे चाकांचं फडफडणं, म्हणजे वॉबलिंग. शहरातल्या गॅरेजने तीनदा बॅलन्सिंग केलं, दोनदा स्टिअरिंगचे हादरे शोषणारा डॅम्पर बदलला. दरवेळी दोन महिने बरं वाटायचं. ताप का येतो हे न बघता क्रोसिन देत राहावं, तसं.

आडिवऱ्याच्या वाटेवर एका काकांचं गॅरेज सापडलं. त्यांनी पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं. खट्‌खट् आवाज. मग मला म्हणाले, "ब्रेक दाबून धरा." पुन्हा हलवलं, तरी खट्‌खट्. "चाकाचं बेअरिंग असतं तर आता आवाज थांबला असता. हे किंगपिन आहे हो." किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती; तिलाही बेअरिंग असतं.

उघडल्यावर त्या बेअरिंगचा कप, म्हणजे ज्यात रोलर फिरतात ती कडी, त्यांनी माझ्या हातात दिला. नख फिरवलं तर अडकत होतं, इतक्या खाचा. टायर जड, त्यात रिम बाहेर, म्हणजे चाक किंगपिनपासून लांब गेलेलं. प्रत्येक खड्ड्याचा हिसका लांब पहारीने मारल्यासारखा त्या बेअरिंगवर. लांब शॅकलमुळे किंगपिनचा मागचा कलही कमी झालेला, आणि चाक आपणहून सरळ येतं ते त्याच कलामुळे.

नवी बेअरिंगं दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीच्या एसटीने आली. रात्र त्यांच्याच पडवीत काढली. काकूंनी घावणे आणि नारळाचा रस वाढला. पैशांचं विचारलं तेव्हा त्या रागावल्या. मोठ्या रिसॉर्टात इतकी शांत झोप मला कधी लागलेली नाही.

शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी करत करत काकांनी बेअरिंगं आवळली. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड सोडवून ठेवला होता. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा घेतला, किंगपिनवर वळणारा चाकामागचा भाग म्हणजे नकल, त्याच्या दांड्याला अडकवला आणि ओढला. आदल्या दिवशी नकल बोटाने फिरत होतं, आता काटा ताणल्यावर हललं. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून कलही दुरुस्त केला. "टायर बदला. हे बेअरिंगसुद्धा ते खाणारच," असं स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर मी बदलले.

निघताना त्यांनी डॅम्पर काढून मागे टाकला आणि शेजारी येऊन बसले. "डॅम्पर दुखणं झाकतो. आता तो नसताना त्याच पुलावर चला."

पूल आला. वेगाचा काटा ६० वर. बायकोने दांडी घट्ट धरली होती. सांध्यावर चाक धप्प आदळलं, स्टिअरिंग हातात एकदा हललं आणि सरळ राहिलं. पलीकडच्या टोकाला काका म्हणाले, "वळवा, परत एकदा जाऊ."