टाकळ्याचं फूल सोडा, पान बघा

श्रावणात नाशिकमध्ये जिथे मोकळा प्लॉट, तिथे टाकळा ही रानभाजी. म्हसरूळला, गंगापूर रोडच्या कडेला, पांडवलेणीच्या पायथ्याला गुडघाभर रान माजतं आणि त्यात पिवळी फुलं डोकावतात. मग 'हा टाकळाच ना?' म्हणून फोटो निघतो, तोही नेमका फुलाचा, वरून काढलेला. त्यावरून काय डोंबल सांगणार? टाकळा, कासविंदा, तरवड, सगळ्यांनाच पाच पिवळ्या पाकळ्या. फुलावरून यांना ओळखणं म्हणजे गणवेशावरून पोरगं ओळखणं.

पान तोडायचं आणि पर्णिका, म्हणजे एकाच पानाच्या दांडीवरची छोटी पानं, मोजायच्या. टाकळ्याला तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पर्णिका टोकाला निमुळत्या. तरवड तर सरळ झुडूपच. त्याच्या बारीक पर्णिकांच्या आठ-बारा जोड्या आणि देठाच्या बुडाशी मोठी गोल उपपर्णं, म्हणजे पानासारखेच जोडभाग. तिथे घोटाळा व्हायचं कारण नाही.

खरी गंमत पुढे आहे. पान उजेडात धरून पर्णिकांच्या जोडीमध्ये, मधल्या दांडीवर बघा. एक-दोन मिलिमीटरची नारिंगी, उभी ग्रंथी दिसेल. तिच्यातून गोड रस पाझरतो, म्हणून मुंग्या तिथेच घुटमळतात. खालच्या दोन्ही जोड्यांमध्ये ग्रंथी असेल तर शास्त्रीय नावाने 'सेना टोरा'. फक्त सर्वांत खालच्या जोडीत असेल तर 'सेना ऑब्ट्युसिफोलिया'. आपण दोघांनाही टाकळाच म्हणतो. दुसऱ्याच्या फुलाचा आणि शेंगेचा देठ लांब, दोन सेंटिमीटरच्या पुढेही जातो. पहिल्याचा जेमतेम एक. पण एकाच पानावर निकाल देऊ नये. जुन्या पानातली ग्रंथी सुकून गळते आणि मग टोराचा ऑब्ट्युसिफोलिया होतो! शेंड्याकडची चार-पाच ताजी पानं बघावीत. कासविंद्याची ग्रंथी पर्णिकांमध्ये नसतेच. देठाच्या अगदी बुडाशी एकच, काळपट, फुगीर.

शेंगा धरल्या की काम सोपं. टाकळ्याची बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, मध्ये तपकिरी, कडांना फिकट पट्टी. तीन-पाच सेंटिमीटरच्या आखूड, खाचा पडलेल्या शेंगांचा झुबका आणि अंगभर लव दिसली तर तो मूळ अमेरिकेतला 'सेना युनिफ्लोरा'. गाजरगवताला दाबायला म्हणून याला मुद्दाम पेरल्याचीही उदाहरणं आहेत. आता रस्त्याच्या कडेला तोच शिरजोर झालाय.

भाजीपुरतं बोलायचं तर टोरा की ऑब्ट्युसिफोलिया, याने काडीचा फरक पडत नाही. कासविंदा मात्र वेगळा काढलाच पाहिजे. त्याच्या बिया विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावली आहेत. टाकळ्याचा पाला पहिल्या पावसानंतरचा, फुलं यायच्या आधीचा, नुसते शेंडे खुडून घ्यावा. फुलावर आलेला पाला कडू आणि चिवट लागतो. रहदारीच्या रस्त्यालगतचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा नको. पाला उकळून पाणी काढून टाकायचं, मग भरपूर लसूण, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ. आणि निवडताना तीन जोड्यांच्या वर पर्णिका दिसल्या, की ती काडी बाजूला.