वळणावर अडलेली तार

आमच्या ब्रॅकिथेरपी विभागात, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत शरीराच्या आत गाठीजवळ नेऊन उपचार देणाऱ्या विभागात, येणाऱ्या बहुतेक रुग्ण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या असतात. पित्तनलिकेत आतून किरणोपचार देण्याची वेळ क्वचितच येते. त्यामुळे सांगलीकडच्या त्या साठीतल्या शेतकऱ्याचे नियोजन भौतिकतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आले, तो दिवस नीट आठवतो.

उजवी आणि डावी पित्तनलिका यकृतातून बाहेर पडून जिथे एकत्र येतात, नेमकी तिथे त्यांना गाठ होती. पोट दुखत नसल्याने पहिले काही आठवडे कावीळ उतरवणाऱ्याच्या झाडपाल्यात गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. न दुखता वाढत जाणाऱ्या काविळीत आधी सोनोग्राफी करावी, हे शिकलेल्या घरांतही फारसे ठाऊक नसते. शौचाला पांढरट होऊ लागले आणि अंगाची खाज रात्रभर झोपू देईना, तेव्हा ते शहरात आले. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. रेडिओलॉजिस्टनी बरगड्यांमधून यकृतात नळी घालून तुंबलेले पित्त बाहेरच्या पिशवीत काढले आणि रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे प्रमाण दाखवणारे पित्तद्रव्य, १८ वरून ३ वर उतरल्यावर त्यांना आमच्याकडे पाठवले. नुसता धातूचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवला, तर गाठ त्याच्या जाळीतून आत वाढून वाट पुन्हा बंद करू शकते. म्हणून आधी आतून किरणोपचार आणि मग स्टेंट, असे ठरले होते.

त्याच नळीतून जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा कॅथेटर, म्हणजे स्रोत आत नेण्याची बारीक नळी, अडथळ्याच्या पलीकडे नेला. किरणांची मात्रा कॅथेटरच्या मध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर ५ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), अशी तीन वेळा द्यायची होती. कॅथेटरमधून आत जाणारा इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी स्रोत जवळच्या पेशींवर जोरदार मारा करतो, पण दोन सेंटिमीटरवर मात्रा निम्म्याहूनही खाली येते. आतड्याचा सुरुवातीचा भाग वाचतो तो यामुळेच. मात्र कॅथेटर थोडा जरी सरकला, तरी हे सारे गणित चुकीच्या जागी लागू होते.

दार बंद करून आम्ही बाहेरच्या पडद्यासमोर बसलो. खरा स्रोत निघण्यापूर्वी यंत्र किरणोत्सर्ग नसलेली एक तार चाचणीसाठी आत पाठवते. ती मध्येच अडली, यंत्राने ती मागे घेतली आणि इशारा वाजला. आत जाऊन पाहिले, तर बरगडीपाशी, नळी जिथे त्वचेत शिरते तिथे, कॅथेटरला तीव्र वळण पडले होते. काकांनी अवघडून उजवा हात पोटाजवळ ओढला होता. हात डोक्याकडे घेऊन खाली उशी दिली, कॅथेटरवरची खूण जागेवर असल्याची खात्री केली आणि एक्स-रे पुन्हा काढला. या वेळी तार शेवटपर्यंत गेली. इरिडियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ, सुमारे ७४ दिवसांचा आणि आमचा स्रोत जुना झालेला, त्यामुळे नव्या स्रोताला लागला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. तरीही सारे तीन मिनिटांच्या आसपास आटोपले.

बाहेर काकू थांबल्या होत्या. "मॅडम, यांचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं का? नातवंडं जवळ येतात," त्यांनी हळूच विचारले. स्रोत यंत्रात परत गेला आहे, काकांच्या अंगात काहीच उरलेले नाही, नातवंडांना खुशाल मांडीवर बसू द्या, असे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि मग पिशवी कधी निघेल, हे विचारले. तिसऱ्या वेळेनंतर स्टेंट बसला, पित्त आतड्यात उतरू लागले आणि नळी काढता आली. गाठ बरी होणार नव्हती, हे दोघांनाही डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. पुढच्या तपासणीला आले तेव्हा काका मात्र खाज थांबून रात्रीची झोप लागते, याबद्दलच बोलत होते.