साडेतीनचे साडेचार

आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन घड्याळे शेजारी शेजारी टांगलेली आहेत. डावीकडचे वडिलांच्या वेळेपासूनचे आहे आणि ते पाच मिनिटे पुढे असते, कारण लोकल गाठणाऱ्यांच्या घरात घड्याळ पाच मिनिटे पुढेच असावे लागते. उजवीकडचे आमच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या चार घड्याळांपैकी एक असून ते बरीच वर्षे माळ्यावर खोक्यात पडून होते. बायको नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेली, त्याच आठवड्यात आईने ते खाली काढले, पुसले, नवा सेल घालून तिथली वेळ लावली आणि खाली चिकटपट्टीवर निळ्या शाईने ‘सूनबाई’ असे लिहून टाकले. घरी येणारा पाहुणा पाणी पिता पिता हमखास सांगतो, की तुमचे ते घड्याळ बंद पडलेले दिसते. त्यावर आईचे उत्तर ठरलेले असते : “बंद कुठलं, ते तिकडे चालू आहे.”

श्टुटगार्ट इथून साधारण साडेसहा हजार किलोमीटर लांब आहे. हा आकडा सांगितला की ऐकणारा हळहळतो; पण खरे सांगायचे तर किलोमीटर जाणवत नाहीत. ती ठाण्याला नोकरीला असती, तरीही दिवसभरात मला ती दिसली नसतीच. जाणवतात ते तास, आणि त्या तासांच्या शेपटाला लागलेला अर्धा तास. हिवाळ्यात आमच्यात साडेचार तासांचे अंतर असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे. ज्यांचे माणूस लंडनला आहे, त्यांचे बरे असते. हिवाळ्यात मनगटावरचे काट्यांचे घड्याळ उलटे धरले की तिथली वेळ वाचता येते. आमच्या नशिबी हे सुख नाही. आम्हाला प्रत्येक वेळी मनातल्या मनात वजाबाकी करावी लागते, आणि तीही हातचा घेऊन.

हा अर्धा तास आला मिर्झापूरकडून. तिथून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाची प्रमाणवेळ ठरली; पण मुंबईने ती लगेच मनावर घेतली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असणारी स्वतःची ‘मुंबई टाइम’ ही वेळ या शहराने अगदी १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. माझे आजोबा बोलता बोलता “ही टायम तुमची, का मुंबईची?” असे विचारत, तेव्हा आम्हा मुलांना तो त्यांचा चक्रमपणा वाटायचा. आता मात्र मुंबईच्या त्या हट्टाबद्दल मला फार आपुलकी वाटते. ती वेळ टिकली असती, तर आज आम्ही नवराबायको एकमेकांच्या ३९ मिनिटे जवळ असतो. एवढ्या वेळात एक सबंध जेवण होते.

साडेतीनचे साडेचार आणि साडेचारचे साडेतीन का होतात, हे आईला समजावून सांगताना माझी पहिल्यांदा पुरेवाट झाली. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी देशभरातली घड्याळे एक तास पुढे केली. साऱ्या देशाने असे करण्याची ती पहिलीच वेळ. पुढे ही प्रथा कधी बंद पडली, कधी सुरू झाली, आणि १९८० पासून ती तिथे पुन्हा चालू आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येते. युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये हा खेळ थांबवण्याच्या बाजूने मत दिले होते, पण कायमची वेळ उन्हाळ्याची ठेवायची की हिवाळ्याची, यावर देशांचे एकमत झाले नाही आणि घड्याळे हलत राहिली. आईने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे मार्चमध्ये ती एक तास जवळ येते, असंच ना?” एवढ्या इतिहासातून घेण्यासारखे तिने नेमके घेतले होते.

पहिल्या मार्चमध्ये मात्र आम्हा कोणालाच हे माहीत नव्हते. रविवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड वाजता, तिने फोन करायचा, असे आमचे ठरलेले होते. हल्ली मोबाइल रात्रीतून गुपचूप आपली वेळ बदलून घेतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ती नऊला उठली आणि तिने फोन लावला, तेव्हा इथे साडेबाराच वाजले होते. मी फोन घरी चार्जिंगला लावून केशकर्तनालयात खुर्चीवर बसलो होतो, गळ्याभोवती पांढरे फडके आणि गालावर साबण. फोन आईने उचलला. मी परत आलो तेव्हा दोघींच्या गप्पांना सव्वा तास होऊन गेला होता आणि मला हातानेच ‘थांब’ असे खुणावण्यात आले. लग्नानंतरची चार वर्षे एकाच घरात राहूनही त्या दोघी सलग सव्वा तास एकमेकींशी बोलल्याचे मला आठवत नाही. स्वयंपाकघरात सोबतीने वावरताना बोलणे होते ते “मीठ घातलं का गं” एवढ्यापुरते. तेव्हापासून उन्हाळा असो वा हिवाळा, रविवारी दुपारी साडेबाराची वेळ आईची झाली. मी त्यानंतरचा.

त्या रविवारच्या फोनांतूनच आईला श्टुटगार्ट माझ्यापेक्षा जास्त ठाऊक झाले आहे. त्या भागात ‘केअरवोखं’ नावाची एक जुनी पद्धत आहे. इमारतीतल्या ज्या घराची पाळी असेल, त्याच्या दाराला एक पाटी अडकवतात आणि त्या आठवड्यात जिना, बोळ आणि पुढचा रस्ता झाडायची जबाबदारी त्या घराची. आपले काम झाले की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. ही पाटी पहिल्यांदा आमच्या सूनबाईंच्या दाराला लागली, तेव्हा आई हादरली होती. “एवढं इंजिनीअर होऊन जिना झाडायला गेली का ती?” हा प्रश्न तिने मला दोन दिवस विचारला. मग तिने आमच्या सोसायटीचा जिना नीट न्याहाळला, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तशीच पाटी इथेही लावावी, असा ठराव मांडला. त्याला कोणीही अनुमोदन दिले नाही.

उन्हाळा म्हणजे आमचे जेवणाचे दिवस. ती संध्याकाळी सव्वासहाला घरी पोहोचते, तेव्हा इथे पावणेदहा झालेले असतात. पावणेदहा ही जेवायची वेळ नव्हे, असे आईचे ठाम मत आहे. ती स्वतः साडेआठला जेवून घेते, पण माझे ताट झाकून ठेवते आणि फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा करायचे कामही तीच करते. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. तिच्या मागच्या खिडकीत लख्ख ऊन पडलेले असते, तर माझ्या खिडकीत काळोख, पाऊस आणि ट्यूबलाइटभोवती फिरणारे किडे. ती भर उन्हात रात्रीचे जेवत असते आणि मी रात्री जेवताना तिच्याकडची दुपार पाहत असतो. एकदा आईने विचारले, “भाजी कसली केलीस?” तिने ताटली तिरकी करून दाखवली. नवलकोल. जर्मन लोकांना हा नवलकोल फार प्रिय आहे आणि तिथल्या बाजारात तो चांगला मोठा, पाल्यासकट मिळतो. आमच्याकडे वडील गेल्यापासून तो कोणी आणत नव्हते, कारण तो फक्त त्यांनाच आवडायचा. दुसऱ्या दिवशी आई मंडईतून दोन नवलकोल घेऊन आली. आता आठवड्यातून एकदा दोन्हीकडे एकच भाजी असते, आणि कोणाची चांगली झाली याचा निकाल कधीच लागत नाही, कारण परीक्षकाने एकाच ताटातले खाल्लेले असते.

हिवाळ्यात हे सगळे बंद. सव्वासहाचे इथे पावणेअकरा होतात. सकाळची सात आठची लोकल पकडणारा माणूस पावणेअकराला जेवू शकत नाही, आणि जेवला तरी घरात कोणी त्याला जेवू देत नाही. त्या पाच महिन्यांत मी बायकोला पाहतो ते बहुधा डोळ्यांवर झापड असताना, ती ताजीतवानी आणि मी जांभया देणारा. माझ्या जांभयांवरून आमची दोन भांडणे झालेली आहेत. पण हिवाळा अगदीच वैरी नाही. तिची जेवणाची सुट्टी एक वाजता होते, म्हणजे इथे साडेपाचला, आणि साडेपाचलाच मी फोर्टातल्या ऑफिसातून बाहेर पडतो. उन्हाळ्यात हीच सुट्टी साडेचारला येते, जेव्हा साहेब समोर बसलेले असतात. हिवाळ्यात मात्र ऑफिसपासून सीएसएमटीपर्यंतचा रस्ता आणि पुढचा लोकलचा प्रवास आम्ही मिळून करतो. ती हातमोजे घालून कंपनीच्या आवारात फेऱ्या मारत असते आणि मी घामेजल्या शर्टाने फुटपाथवरच्या ठेल्यांतून वाट काढत असतो. बोलण्यासारखे रोज असतेच असे नाही. पुष्कळदा ती नुसती ऐकत राहते, आणि मध्येच सांगते, “भायखळा गेलं वाटतं.” डोंबिवलीची मुलगी ती, तिला डब्यातला आवाज कळतो. दादरला गर्दीचा लोंढा आत येतो आणि फोन धरलेला हात कडी धरायला लागतो, त्यामुळे आमचे संभाषण दादरला संपते. निरोप घ्यायची गरजच पडत नाही.

कधी कधी मला आजी-आजोबांची आठवण येते. आजोबा लालबागला गिरणीत आणि आजी संगमेश्वराकडे गावी, असा त्यांचा संसार कित्येक वर्षे चालला. गणपतीला आणि शिमग्याला भेट, एरवी मनिऑर्डर आणि तिच्याखाली लिहिलेल्या दोन ओळी. दोघांचे बोलणे व्हायला आठवडे लागत, आणि मी इथे जांभयांची तक्रार करतो, याची मला लाज वाटते. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी आमच्याकडे नाही. तिथे उजाडले की इथेही उजाडायचे. तुळशीपुढे दिवा लावताना आजीला ठाऊक असायचे, की या घटकेला त्यांची पाळी सुटली असेल आणि तेही कुठेतरी हात जोडून उभे असतील. आमच्याकडे दिवेलागणीला आई शुभंकरोती म्हणते, तेव्हा तिची सून भर दुपारी ऑफिसच्या कामात असते. तिने काय करत असावे याचा अंदाज करायचा, तर आधी वजाबाकी करावी लागते, आणि वजाबाकी करून आठवण काढायची म्हटले की तिच्यातला निम्मा गोडवा हिशेबातच जातो.

२०२४ ची दिवाळी नेमकी घड्याळे मागे गेल्यानंतरच्या आठवड्यात आली. फराळ आधीच पाठवला होता. त्यासाठीच्या कागदावर प्रत्येक वस्तूची किंमत लिहायची असते, आणि कडबोळ्यांची किंमत किती लिहावी यावर माझा आणि आईचा वाद झाला होता. मी दीडशे रुपये म्हणत होतो, आणि आईला तो अपमान वाटत होता. तूप मात्र पाठवता आले नाही, कारण युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ पाठवू देत नाहीत. नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता आई मला तेल लावत होती, तेव्हा तिथे रात्रीचे साडेबारा झाले होते. ती जागी राहिली होती. तिची चतुर्दशी सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता आणि आमची पहाट झाली होती. आईने तिला पडद्यावरूनच ओवाळले, आणि ओवाळताना तबक इतके जवळ नेले, की मला फोन मागे घ्यावा लागला. मग ती झोपली, सहाला उठली, उटणे लावून न्हाली आणि ऑफिसला गेली. त्या वेळी मी फडके रोडवरची गर्दी पाहून, फराळ करून, दुपारच्या झोपेची तयारी करत होतो.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठलो, तर आई आधीच स्टूल घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. तिथली घड्याळे रात्री तीनला दोनवर येतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला. आदल्या दिवशी किंवा नंतर सवडीने काटा फिरवणे तिला मान्य नाही. तिकडे फिरतो त्याच घटकेला इकडे फिरला पाहिजे. मी स्टूल धरले. ती वर चढली, तिने चष्मा सारखा केला आणि डावीकडच्या घड्याळातली पाच मिनिटे वजा करून साडेसहा व्हायची वाट पाहत राहिली.

“मागे ना?”

“हो, मागे.”

तिने काटा फिरवला, चिकटपट्टीचे सुटलेले टोक अंगठ्याने दाबले आणि खाली उतरली. स्टूल भिंतीला लावता लावता म्हणाली, “मग आजपासून तू साडेआठला जेवायला बसत जा माझ्याबरोबर.”