राणीचा पेसमेकर: ऑपरेशननंतरची काळजी

आमची राणी म्हणजे कॉकर स्पॅनिअल जातीची वयस्कर कुत्री. जिना चढताना ती कोसळायची आणि अर्ध्या मिनिटात उठून शेपटी हलवायची. आकडी येत असावी असंच घरात सगळ्यांना वाटलं. इथे न्यू जर्सीत ईसीजी काढला तेव्हा कळलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा इशारा खालच्यांपर्यंत पोचतच नाहीये. ठोके मिनिटाला जेमतेम ४०. ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देऊन पाहिलं, काही फरक नाही. अशा पूर्ण हार्ट ब्लॉकवर गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, विजेचे इशारे देऊन ठोके पाडणारा पेसमेकरच लागतो.

तो बहुतेक वेळा माणसांसाठी बनलेलाच असतो. मानेतल्या शिरेतून वायर उजव्या खालच्या कप्प्यात नेतात आणि बॅटरीची डबी मानेच्या कातडीखाली बसवतात. छाती उघडावी लागत नाही. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, खरी काळजी नंतरची. वायरचं टोक आत पक्कं धरायला काही आठवडे लागतात, तोवर उड्या नकोत, जिना नको. टोक सुटू शकतं, क्वचित हृदयाची भिंत भेदून बाहेरही येतं.

त्यांनीच सवय लावली: राणी झोपली की डाव्या कोपरामागे छातीवर तळहात ठेवायचा आणि पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. यंत्र ८० वर लावलेलं, म्हणजे आकडा त्याखाली जाताच कामा नये. एका रात्री ४४ भरले. पुन्हा मोजले, तेवढेच. तशीच तिला उचलून निघालो. ईसीजीच्या पट्टीवर पेसमेकरच्या बारीक उभ्या रेघा अगदी वेळेवर पडत होत्या, पण त्यांच्यामागे ठोकाच उमटत नव्हता. एक्स-रेमध्ये टोक जागचं हललेलं दिसलं. सोनोग्राफी करून हृदयाभोवती रक्त साचलं नाही ना हे पाहिलं, ते नव्हतं. मग पुन्हा भूल, पुन्हा तीच शीर.

दुसऱ्या वेळी डबीभोवती लिंबाएवढी मऊ सूज आली. आतलं पाणी काढून टाका म्हणून मी मागेच लागले होते, पण डॉक्टर ठाम राहिले, आणि ते बरोबरच होतं. सुईवाटे जंतू आत गेले तर सगळं यंत्रच काढायची पाळी येते. सूज आपोआप जिरली.

गळ्यातला पट्टा कायमचा गेला, आता छातीचा हार्नेस. यंत्राची तपासणी ठरल्या वेळी होते. रक्त काढायचं असेल तर पायातून काढा, मानेला सुई लावू नका, हे प्रत्येक नव्या डॉक्टरांना मी दारातच सांगते.